पॉइंट भिंतीला

नव्वदच्या दशकात आमच्या खर्डीत स्क्वॉशवर पोट भरणारा एकच माणूस होता. चेंडू भिंतीवर मारायचा आणि त्याचे दोन टप्पे पडायच्या आत पुन्हा मारायचा, एवढाच तो खेळ. मुंबईच्या एका जिमखान्यात तो साहेबलोकांना शिकवायचा, बक्षिसाच्या स्पर्धा खेळायचा आणि सुट्टीत आमच्या भातगिरणीच्या मागच्या भिंतीवर सराव करायचा. एकटाच असायचा, तरी चूक झाली की हात वर करून मोठ्यानं सांगायचा, "दोन टप्पे! पॉइंट भिंतीला."

बाबा आतून विचारायचे, "कोन जिंकला रे?"

"भिंत, काका."

एकदा मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यानं असाच हात वर केला. पंचाला काही दिसलंच नव्हतं. हातातला कप गेला.

बाबा भडकले. "कोनी बघितलं नाय ना? मंग तू कशाला बोललास?"

तो ओशाळून म्हणाला, "सवय लागली, काका. तुमच्याच भिंतीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडूचा आवाज सुरू झाला, तसे बाबा गिरणी बंद करून मागे गेले आणि ओरडले, "आज तरी हरव रे तिला, मेल्या!"

थोड्याच वेळात त्याचा हात वर गेला.