लॅपटॉपचं रेडिएटर

गेल्या लग्नसराईत, ऐन कामाच्या दिवसांत, माझ्या लॅपटॉपवर हिरव्या रेघा आल्या.

दारव्ह्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करते. त्या सकाळी गल्लीतल्याच एका मुलीची पत्रिका चालली होती. नवरदेवाचा फोटो कापून नवरीशेजारी बसवत होते, तेवढ्यात त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी हिरवी रेघ ओढली गेली. मग दुसरी, मग आडव्याही. बघता बघता नवरदेव लुंगीच्या कापडासारखा चौकड्याचौकड्यांचा झाला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. माउससुद्धा हलेना.

लॅपटॉप मूळचा माझ्या भावाचा. तो घरांचे नकाशे काढायचा, त्यासाठी घेतलेला. जुना, दणकट आणि मसाला वाटायच्या पाट्याइतका जड. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यानं तो मला देऊन टाकला. आता बंद करून चालू केला की थोडा वेळ नीट चालायचा, पण मोठी फाइल उघडली रे उघडली की रेघा हजर.

नवरा वणीला नोकरीला असतो. त्याला फोन केला.

"जुना झाला तो. नवा घेऊन टाक," तो म्हणाला. पंखा बिघडला, मिक्सर बिघडला, तरी त्याचा हाच सल्ला असतो.

घरात उरलो आम्ही तिघं. मी, सासूबाई आणि सासरे. सासरे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना मी मामाजी म्हणते. म्हणते खरी, पण लग्नाला काही वर्षं होऊनही आमचं बोलणं "मामाजी, वाढलं जेवायला" आणि "हो बाई" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, अढी नव्हती. बोलायला विषयच नव्हता. ते आंघोळ करून, भांग पाडून दारापुढच्या ओट्यावर बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. "याचा क्लच गेला," असं स्वतःशीच पुटपुटत.

त्या दिवशी मात्र ते उठून माझ्या खोलीच्या दारात आले.

"बाई, हे काय घरघर करून राह्यलं मघापासून?"

"लॅपटॉपचा पंखा आहे, मामाजी."

त्यांनी आत येऊन लॅपटॉपच्या बुडाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. मग तोच हात बाजूच्या जाळीसमोर धरला.

"एवढं गरम, अन् हवा तं बाहेर येऊनच नाई राह्यली. रेडिएटर चोक झालं असन."

लॅपटॉपला रेडिएटर नसतं, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण असतं की. तांब्याची नळी, पत्र्याच्या बारीक पात्या आणि पंखा. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पूर्ण व्हिडिओ पाहिला.

"पण आधी हे सांग, खराबी कुठं आहे? दिव्यात, वायरीत, का डायनामोत?"

त्यांची पद्धत मला पटली. स्क्रीन म्हणजे दिवा. आम्ही झाकण पुढेमागे करून पाहिलं. वायर तुटत आली असती तर रेघा हलल्या असत्या. त्या हलल्या नाहीत. मग स्क्रीन खराब आहे का, हे बघायला लॅपटॉप टीव्हीला जोडायचा ठरला. त्यासाठी सासूबाईंची दुपारची मालिका बंद करावी लागली.

"सुनेचा डबा बिघडला तं माह्या टीव्हीले कायले हात लावून राह्यले?" त्यांनी मामाजींना विचारलं. तोवर मामाजींनी वायर खोचलीही होती. टीव्हीवर नवरदेव आला, चांगला हातभर मोठा, आणि त्याच्या तोंडावर त्याच हिरव्या रेघा.

"बिचाऱ्याले देवी आल्या का काय!" सासूबाई म्हणाल्या, आणि मामाजी हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

म्हणजे दिवा चांगला होता. बिघाड चित्र तयार करणाऱ्या भागात होता, ग्राफिक्स कार्डात. ते तापत असेल म्हणून असं होत असावं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

मामाजींच्या पेटीतले सगळे स्क्रू ड्रायव्हर ट्रकला शोभतील असे. ते चौकातल्या घड्याळवाल्याकडे गेले आणि बारीक पेचकसांचा संच मागून आणला. येताना पेट्रोलची छोटी बाटलीही आणली. "धुऊन काढू," म्हणाले. मी बाटली हातातून घेऊन थेट अंगणात ठेवून आले. काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून मसाल्याचा डबा उचलून आणला, वाट्या एका ताटलीत पालथ्या केल्या आणि एकेका वाटीत एकेका जागचे स्क्रू ठेवले. हळद, तिखट आणि धणेपूड एकत्र झालेली सासूबाईंनी पाहिली तेव्हा त्या जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळ्या भाज्या एकाच चवीच्या झाल्या.

मागचं झाकण निघालं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. पंखा आणि पात्यांच्या मध्ये कापूस होता. खराखुरा कापूस, दाबून दाबून घोंगडीसारखा घट्ट झालेला. आमच्या घरामागं जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात तिथली रुई उडून तारेवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ती पंख्यानं ओढून घेतली होती.

"घ्या," मामाजी म्हणाले, "गादी भरली यानं!"

चिमट्यानं ती गादी त्यांनी अख्खी बाहेर काढली. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती. ती मी पुसली, नवी मागवून लावली. मामाजींना ती फार कमी वाटत होती. त्यांचं म्हणणं, ग्रीस भरायचं तर सढळ हातानं भरावं. "हे ग्रीस नाही मामाजी, जास्त झालं तर उलट गरम होतं," मी म्हणाले. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर शंका राहिलीच.

लॅपटॉप चालू झाला. रेघा नाहीत, घरघर नाही. मी पत्रिका पूर्ण करून छापायला पाठवली. नवरदेव स्वच्छ चेहऱ्यानं छापून आला.

आमचा आनंद आठवडाभरही टिकला नाही. एका सकाळी बटण दाबलं आणि कंपनीचं चिन्ह उमटतानाच रेघा आल्या. अजून तापलेलासुद्धा नव्हता. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. पुढची कामं घेतली होती, आणि खरं सांगायचं तर त्या यंत्रावर माझा जीव होता.

मामाजी शेजारी स्टूल घेऊन बसले.

"इंजन लय दिवस गरम चाललं का त्याचं हेड वाकते, बाई. मंग रेडिएटर किती साफ कर, वाकलेलं हेड सरळ नाई होत. बदलावंच लागते." मग म्हणाले, "पण ते कार्ड तं वेगळं बसवलेलं आहे. म्या पाह्यलं ना. स्क्रू काढले का निघते."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा भाग मुख्य बोर्डावरच पक्का असतो. भावाचं हे जुनं धूड मात्र त्या काळचं होतं, जेव्हा कार्ड सुटं काढता येईल असं बसवत. मी शोधून पाहिलं. मामाजींचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. मामाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते. बसस्टँडजवळच्या बोळात जुन्या लॅपटॉपचं एक दुकान आहे. दुकानदार मेहंदी लावलेल्या दाढीचे, बोलके. त्यांनी चालू करून पाहिलं.

"कार्ड गेलं, ताई. गरम हवा मारून चालू करून देतो, लोक तसंच करून घेतात. पण महिना-दोन महिन्यानं फिर वही हाल."

"सुटं कार्ड नाही मिळणार?"

ते विचारात पडले, मग शिडी लावून माळ्यावर चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात अगदी आमच्यासारखाच एक लॅपटॉप होता, कीबोर्डवर चहाचे डाग असलेला.

"याच्यावर कोणीतरी पूर्ण कप सांडला होता. बोर्ड खलास. कार्ड मात्र दुसऱ्या बाजूला असतं. नशीब असेल तर बचावलं असेल."

कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुमचं तुम्हीच लावा. मी बघतो."

मी ते तिरकं धरून खाचेत घातलं, दाबलं, स्क्रू लावले. मामाजी मोबाइलचा उजेड धरून उभे होते. बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळी.

"टक नाई झालं," मामाजी म्हणाले.

"काय?"

"खाचेत बसताना आवाज नाई आला. पूर्ण बसलं नाई ते."

स्क्रू परत काढले. या वेळी मी जरा जोर देऊन दाबलं आणि बारीकसा टक झाला. बटण दाबलं. चिन्ह आलं, नेहमीचा पडदा आला, सगळं स्वच्छ. एकही रेघ नाही. दुकानदारांनी "माशाअल्ला!" म्हणून टाळी वाजवली. मामाजींनी आधी त्यांच्याशी हात मिळवला आणि मग, जरा अवघडून, माझ्याशीही. त्यानंतर तिघांनी उभ्यानंच चहा घेतला, लॅपटॉप दूर सरकवून.

घरी आल्यावर नवं कार्ड तापतं का हे बघायचं होतं. मी उपग्रहावरून दिसणारा नकाशा उघडला, तो कार्डाला चांगलाच दमवतो. दारव्हा दिसलं, जिनिंगची छपरं दिसली. मामाजी खुर्ची ओढून जवळ आले.

"याच्यात रस्ता दिसते? घाट दिसते?"

मी रस्ता पुढे सरकवत राहिले आणि ते स्क्रीनवर बोट ठेवून सांगत राहिले. या वळणावर गाडीचा एक्सल तुटला होता आणि प्रवाशांनी तिथंच शिदोऱ्या सोडल्या होत्या. या नाल्यावर पाणी होतं, त्यातून पलीकडं जाऊन बंद पडलेल्या गाडीचा डिझेल पाइप बांधला होता. या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं सगळ्या गाडीला बोरं वाटली होती. माझे प्रश्न संपत नव्हते आणि त्यांचे रस्तेही.

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी हात पुसत आत आल्या आणि मामाजींना म्हणाल्या, "सरका जरा तिकडं. किती वेळचे तुमचेच नाले पाहून राह्यलो. बाई, मले माहं केळापूर दाखव."

मी त्यांचं माहेर, केळापूर, शोधलं. देवीचं देऊळ दिसलं, घरांची दाटी दिसली. सासूबाई स्क्रीनला नाक लागेल इतक्या वाकल्या.

"थांब, थांब," त्या म्हणाल्या. "हळू ने. त्या लिंबापासून डावीकडं."