आधी आप्पा बसणार

आमच्या आप्पांना पोहता येत नव्हतं. अर्धं आयुष्य बोटी दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाबद्दल हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी ते खोटं वाटतं, मग त्याला आप्पांची काळजी वाटायला लागते. गंमत पुढेच आहे. दुरुस्त झालेली बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली की तिच्यात आप्पा एकटेच बसायचे. वल्हवत खोल पाण्यात जायचे, सीट सोडून खाली तळावर फतकल मारायचे आणि निवांत भाकरी खायचे. परत आले की धक्क्यावर आम्हा बोटवाल्यांकडे पाठ करून उभे राहायचे. पँटची मागची बाजू कोरडी दिसली की बोट पास. त्यांच्या कामाची पावती ती एवढीच.

आप्पा मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांच्या गावाला पाणी टँकरनं यायचं, त्यामुळे पोहायला शिकायचं कुठे? तरुणपणी ते मलकापूरला बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात लागले आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यात मुरले. पुढे कुणीतरी आमच्या कोयनेच्या जलाशयातली एक चेपलेली ॲल्युमिनियमची सहलीची बोट त्यांच्याकडे नेली. "गाडीत पाऊस याया नगं आन् बोटीत नदी. काम येकच हाय," असं म्हणून त्यांनी ती ठाकठीक करून दिली. तेव्हापासून मलकापूरच्या त्यांच्या शेडमध्ये आमच्याकडच्या बोटी टेम्पोतून जायला लागल्या.

त्यांचं काम बघायला मला फार आवडायचं. बोट लाकडी घोड्यांवर चढवायची, तिच्या आत पाणी भरायचं आणि खाली उताणं पडून कुठे थेंब धरतो ते बघायचं. थेंब दिसला की तिथे खडूची खूण. रिवेट ठोकायच्या वेळी बोटीच्या आत लोखंडी ठोकळा धरून हौसाकाकू बसायच्या. या त्यांच्या मंडळी. आप्पांनी बाहेरून घाव घालायचा, काकूंनी आतून तो झेलायचा, आणि मधल्या वेळात दोघांनी भांडायचं. एका बाबतीत मात्र आप्पा कुणाचं ऐकायचे नाहीत. बोटीत तांबं नको. तांब्याचा साधा वायसरही ते फेकून द्यायचे. ओलीत तांबं बोटीच्या पत्र्याला लागून राहिलं की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. "तांबं म्हंजी हिची सवत," असं ते बोटीवर हात ठेवून सांगायचे.

माझी बोट माझ्या वडिलांची. त्यांच्यामागे मी ती चालवायला घेतली तेव्हा ती धक्क्यावरची सगळ्यात जुनी बोट होती. पर्यटकांना फायबरच्या चकचकीत बोटी हव्या असायच्या. माझ्या बोटीकडे ते जरा संशयानेच बघायचे. हंगामाच्या आधी आमची बोटवाल्यांची बैठक सगळ्या बोटी तपासते. त्या वर्षी माझ्या बोटीत मागच्या सीटखाली पाणी सापडलं. आप्पांनी तिथे बाहेरून पत्र्याचं ठिगळ लावलं, बसून दाखवलं, बोट पास झाली. महिन्याभरात पुन्हा तिथेच पाणी. पुन्हा ठिगळ, पुन्हा पाणी. शेवटी बैठकीत ठरलं की आता गळली तर बोट भंगारात जाईल. आप्पा उठून म्हणाले, बोट गळली तर यापुढे या धक्क्यावरची एकही बोट मी हातात घेणार नाही. मला धसका बसला. माझी बोट जाणार होतीच, आता तिच्यासोबत आप्पांचं नावही जाणार होतं.

बोटीबरोबर मीही मलकापूरला गेले. आप्पांनी बाहेरून सगळं तपासलं, पुन्हा तपासलं. मी म्हटलं, सीटची पेटी उघडून आतून बघू या का? ते चिडले. ती पेटी पूर्वी त्यांनी स्वतः, बोट तरंगती राहावी म्हणून थर्माकोल भरून, रिवेट मारून बंद केली होती. माझ्या हातचं काम आहे, तिथे काय बघायचं, असं म्हणून ते चहाला निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ड्रिल होतं.

पेटी उघडली. थर्माकोलच्या खाली, तळाला चिकटून, पिवळ्या फडक्याचं एक पुडकं होतं. ओलंचिंब. त्यात भंडारा आणि तांब्याचा एक जुना पैसा. पैशाखालचा पत्रा पांढरा होऊन चाळणीसारखा झाला होता.

आप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू घाबरल्या नाहीत. उलट पुडकं उघड्यावर ठेवलं म्हणून त्याच रागावल्या. बिरोबाच्या पायाशी ठेवून आणलेला पैसा होता तो.

"आगं, तांबं नगं म्हनून मी कवाधरनं बोंबलतोय."

"तांबं कुटं हाय? द्येवाचा पैसा हाय त्यो," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "तुमी येकलं जाताय पान्यात. पवाया येत न्हाई. माझ्या जिवाला काय हुतंय, कवा इचारलंय का?"

आप्पांनी विचारलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. त्यांनी एवढंच विचारलं, आणखी कुठल्या बोटीत? काकू म्हणाल्या, समद्यांत.

शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. पुडकं खिशात घातलं असतं, जाता-येता एकेका बोटीची सीट हळूच उघडली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. पण आप्पांनी पुढच्या बैठकीत ते पुडकं सगळ्यांसमोर ठेवलं. "भोकं माझ्याच कामातनं पडल्यात. समद्या शिटा मी खोलनार, मीच बुजवनार. मग मला ठेवायचं का न्हाई ते तुमी ठरवा." बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. काकू मागे बसल्या होत्या. त्या उठल्या आणि पैसा मी ठेवला म्हणून सांगून पुन्हा खाली बसल्या. आप्पांना ठेवायचं की नाही, हा विषय तिथेच संपला. मी त्या दिवशी त्या दोघांच्या शेजारी बसले होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझी बोट सगळ्यात आधी झाली. धक्क्यावर तपासणीला अख्खी बैठक हजर. आप्पा बोटीत उतरले आणि त्यांच्या मागोमाग पदर खोचून काकूही उतरल्या. आप्पा म्हणाले, आगं, तू कुटं? "आता पैसा न्हाई तर मी हाय," म्हणून त्या तळावर बसल्या. शिवाय दोघांनी जाकीट घातलंच पाहिजे, असा हुकूमही त्यांनी सोडला. पोहता न येणारी ती दोन माणसं खोल पाण्यात बसून भाकरी खात होती आणि काठावर आमचा जीव टांगणीला लागला होता. बोटीत थेंब आला नाही. ती अजूनही चालते, आणि पर्यटकांना मी ती किती जुनी आहे ते मुद्दाम सांगते. पुढे आप्पांची प्रत्येक बोट ते दोघं मिळूनच तपासायचे.

गेल्या वर्षी आप्पा गेले. झोपेतच गेले. काकू आता लेकीकडे राहतात. बोटींचं काम रहिमतपूरच्या एका फिटरकडे आलं. चांगला कारागीर आहे. पहिली बोट घेऊन तो आला तेव्हा बैठकीने त्याला आमच्या धक्क्याचा नियम सांगितला: ज्याने काम केलं त्याने आधी बसायचं, आणि घरचं माणूस सोबत घेऊन बसायचं. त्याचं लग्न झालेलं नाही. पुढच्या खेपेला तो आईला घेऊन आला.

त्या दिवशी मी काकूंनाही बोलावलं होतं. फिटरची आई पाणी बघून जागची हलेना. तोंडावर पदर धरून ती नुसती मान हलवत होती. काकूंनी तिच्या गळ्यात जाकीट अडकवलं, बंद नीट ओढून बांधले आणि तिचा हात धरला.

"मलाबी लय भ्या वाटायचं. घरात बसून ते कमी हुत न्हाई, बाई. लेकाजवळ जाऊन बस."

ती माउली बोटीत उतरली आणि लेकाला खेटून तळावर बसली. फिटरने वल्हं मारलं तसे धक्क्यावरचे आम्ही सगळे बोटवाले उठून उभे राहिलो.