हाडांवर उभा राहिलेला देश

देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं होतं, ते कुणी सोडवलं असं विचारलं की शिकलेली माणसं दिल्लीची नावं घेतात. घेऊ देत. मी चौथी शिकलेला, पण मला पक्कं ठाऊक आहे. ते सोनं आमच्या व्याह्यांनी मिरजेत बसून सोडवलं, तेही अरबांच्या मुतखड्यांच्या आणि मोडक्या हाडांच्या जोरावर.

व्याही म्हणजे माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. मस्कत-दुबईची माणसं उपचाराला येऊ लागली तशी त्यांनी भाड्यानं द्यायला पाच खोल्या रंगवल्या, एकीत इंग्रजी संडास बसवला आणि स्वतःला देशाच्या तिजोरीचे रखवालदार नेमून टाकलं. घरात कुणाला 'गिऱ्हाईक' म्हणू देत नसत. "पाव्हणं म्हणा. गिऱ्हाईक किराणा दुकानात असतंय." पाहुणा दारात उतरला की पाण्याच्या आधी आजार विचारायचा. मुतखडा ऐकला की त्यांचा चेहरा पडे. "खडा पडला की पाव्हणं गेलं. मांडीचं हाड असलं म्हंजे दीड म्हैना बघायला नको. हाडं मोडल्याबिगर देश उभा ऱ्हात न्हाई, व्याही." अरबी त्यांना येत नव्हतं. ते मराठीच बोलत, फक्त मोठ्यानं. एका मस्कतच्या म्हाताऱ्याला दही-भाकरी वाढून "खावा, पोटाला थंड" असं तीनदा ओरडून सांगितलं, तर त्यानं घाबरून चार भाकरी संपवल्या.

प्रगती तर डोळ्यांनी दिसत होती. केळीवाला भाव सांगण्याआधी आपले कपडे बघायचा. रिक्षावाले टोपी बघून मान फिरवायचे आणि पांढरा झगा बघून इंजिन चालू करायचे. औषधाच्या दुकानावर मजले चढले. आपला माणूस मात्र तपासणीच्या व्हरांड्यात सकाळी बसला तो ऊन फिरेपर्यंत बसलेलाच. आपण देशसेवा करतोय हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी हे सुनावलं तर व्याही म्हणाले, "तुमी आटपाडीचं. तुमच्याकडं पाऊस येत न्हाई, डॉलर कुठनं यायचा?"

मग माझ्याच बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन मिरजेतच करायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी सोडू, पण पुढं पंधरा दिवस जवळच राहा, आटपाडीच्या एसटीत टाके टिकायचे नाहीत. खोल्यांचे भाव झगेवाल्यांनी चढवून ठेवलेले. आमच्या ऐपतीत बसली ती एका गोठ्याला लागून असलेली खोली, माश्यांसकट. लेक रडकुंडीला आली. "आबा, माझं घर असताना आईला माश्यांत ठेवणार?" पण तिच्या लग्नाला दीड वर्षच झालेलं, मूलबाळ नव्हतं, आणि लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही हा आमच्यातला रिवाज. मोडणारी माणसं गावात पुष्कळ आहेत, मी कशाला? गोठ्याशेजारची खोली पक्की केली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी व्याही आले. खाटेवरच्या हिच्याकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे वळले.

"तुमी माझ्याकडं जेवणार न्हाई, कारण तुमी पाव्हणं. व्हय?"

"व्हय."

"मग गिऱ्हाईक व्हा. गिऱ्हाइकाला कसला आलाय रिवाज? मी ताट देणार, तुमी पैसं देणार."

यात मला खोट काढता येईना.

इंग्रजी संडासाची खोली त्यांनी आमच्यासाठी ठेवली. तिथं उतरायला आलेला दुबईचा माणूस, मांडीचं हाड मोडलेला, अख्ख्या दीड महिन्याचा, त्याला त्यांनी समोरच्या घरी पाठवून दिलं. पंधरा दिवस ते उंबऱ्याबाहेर उभे राहून हिला विचारत, "विहीणबाई, पेज आळणी लागत न्हाई न्हवं?" आवाज मात्र हळू.

निघताना मी नोटा पुढे केल्या. त्यांनी हात पाठीमागं बांधले. "हितं परकीय चलन लागतंय. तुमचं चालत न्हाई."

"मग मी गिऱ्हाईक कसला?"

"ते आता आटपाडीला जाऊन ठरवा."

मला फसवून जेवू घातलं म्हणून मी तीन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्या तीन महिन्यांतच ते गेले.

वर्षाच्या आत लेकीला मुलगी झाली. आता त्या घरी मला पाहुणा म्हणून ताठ मानेनं जेवता येतं. ही ठणठणीत आहे, प्रत्येक सणाला ओढत नेते. लेक आग्रहानं वाढते, मी मुकाट जेवतो. व्याही असते तर आमटीत मीठ कमी म्हणून भांडलो असतो, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली असती.