बावीस घरांतली सात

गुरुदास गावस मूळचे पेडण्याचे. आमच्याकडे ते मलेरियाचे माणूस म्हणून आले आणि सोळा वर्षं राहिले. शिरगावच्या पुढे, खनिजाच्या रस्त्याला लागून आमचा वाडा; सगळी मिळून बावीस घरं. दर पंधरा दिवसांनी गुरुदासबाब खाकी पिशवी खांद्याला लावून यायचे, कुणाला ताप आहे काय विचारायचे, असला तर बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचे, दारामागे पेन्सिलीने तारीख लिहायचे आणि पुढच्या घरी. कोकणी-मराठीच्या भांडणात सख्खे शेजारी बोलायचे बंद झाले होते, तेव्हाही दोन्हीकडची दारं त्यांना उघडी असत. चहा मात्र कुणाकडेच घेत नसत. एका घरी घेतला तर बावीस घ्यावे लागतील आणि मलेरियाच्या आधी मीच मरेन, म्हणायचे.

माझ्या नवऱ्याला, शंभूला, क्षय झाला ते वाड्यात फक्त त्यांना ठाऊक होतं. शंभू खनिजाचा ट्रक चालवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दीड वर्ष गोळ्या, खंड पडता नये; मध्येच सोडल्या तर मग औषध लागू पडणार नाही. पण दर महिन्याला आरोग्य केंद्राच्या क्षयाच्या खिडकीशी उभं राहायचं म्हणजे गावाला सांगणंच. आणि घरात आमची लहान पोरं, शिवाय माझी नणंद सुविधा लग्नाची. गुरुदासबाबांनीच वाट काढली. मलेरियाची पिशवी सगळ्याच घरांत जाते, गोळ्या तिच्यातूनच येतील. काचांच्या डब्याखालून पुडी काढून माझ्या हातात द्यायचे आणि मागची संपली काय ते बघायचे. मी सकाळी दिवा लावून लईराई देवीला हात जोडायची आणि मग शंभूला गोळी द्यायची. नऊ महिने एकही दिवस चुकला नाही. अंगावर मांस धरलं, खोकला गेला.

गोवा घटकराज्य होऊन दोन वर्षं होत आली होती, आणि निवडणूक आली. डिचोलीची काही माणसं गुरुदासबाबांकडे आली. ज्याला प्रत्येक घरातली चूल ठाऊक आहे त्याने उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्वतःला पुढारीपणाची हौस नव्हती. पण रस्त्याच्या धुळीवर पाणी मारा, केंद्रात एक्स-रेचं मशीन द्या, असे अर्ज त्यांनी किती वर्षं केले होते. कागद वर जातो आणि वरच राहतो, तर आता मीच वर जातो, असं ते म्हणाल्याचं त्यांच्या बायकोने, मालतीने, मला सांगितलं. ती नोकरीच्या राजीनाम्याच्या विरुद्ध होती. तिने दोन दिवस जेवण रांधलं, वाढलं, पण बोलली नाही. राजीनामा गेला. पिशवी नव्या माणसाकडे आली, आणि गोळ्या कुठे कुठे द्यायच्या ते गुरुदासबाबांनी त्याला नीट शिकवलं.

पहिली सभा आमच्याच देवळाच्या मंडपात. मी बायकांत बसले होते. ते साधं बोलत होते, हिशोब सांगावा तसे. म्हणाले, "ह्या वाड्यात बावीस घरं. त्यांतल्या सात घरांत क्षयाच्या गोळ्या मी माझ्या हातांनी पोचवल्या. आणि छातीचा फोटो काढायला माणसाला म्हापशाला जावं लागतं."

त्यांनी नाव एकाचंही घेतलं नाही. सोळा वर्षं वर आकडे पाठवलेला माणूस. आकड्यात कुणाचं तोंड दिसत नाही असं त्यांना वाटायचं. पण बावीस घरांत सात म्हणजे मोजायला कितीसा वेळ? मंडपात टाळी वाजली नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सात नावं तयार होती. गुरुदास कुठे जास्त वेळ थांबायचा, कुठे आत जायचा, कोण दोन वर्षांमागे बारीक झाला होता. त्यांतली तीन घरं साफ चुकीची, हे आता मला कळतं. आमचं बरोबर होतं.

शंभूने त्या दिवसापासून गोळी घेतली नाही. घेतली तर मी त्या सातांतला, म्हणाला. सुविधाचं पेडण्याला ठरत आलं होतं, ती माणसं आठवड्यात यायची होती. नवा माणूस पिशवी घेऊन आला तर शंभूने त्याला पायरीवरूनच परत पाठवला. मी पाया पडले. लग्न होऊ दे, मग घेतो, म्हणाला.

नव्या माणसाने ते गुरुदासबाबांना सांगितलं असणार. ते आले, पण आता उमेदवार. एकट्याने कुठे जाता येत नव्हतं. मागे झेंडेवाले दहा-बारा, आणि शेजारची पद्मावती कुंपणाशी उभी. ते शंभूच्या जवळ वाकले आणि हळूच काहीतरी विचारलं.

शंभू मोठ्याने म्हणाला, "गोळ्यो? कसल्यो गोळ्यो? माका काय जाला?"

गुरुदासबाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं असतं तर शंभूला त्यांनी तिथेच पटवलं असतं, त्यांना ती कला होती. माझ्या डोळ्यांसमोर सुविधा होती. मी खाली बघितलं.

"काय नाय रे," ते म्हणाले. "माझीच चूक जाली. दुसऱ्या घरचा तुला विचारला."

मागचा एक हसला, दुसऱ्याचा खोकला आता जनतेला वाटू नका म्हणाला. ते पुढच्या घरी गेले.

निवडणूक ते हरले. आमच्या वाड्यातून त्यांना चार मतं पडली असं म्हणतात. आमच्या घरातलं त्यांत एकही नव्हतं, शंभूने तशी शपथ घातली होती. सुविधाचं लग्न झालं. त्यानंतर शंभू गोळ्या घ्यायला तयार झाला, पण मग खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि औषधाने ऐकलं नाही. पुढच्या वैशाखात तो गेला.

गुरुदासबाब तेव्हा पेडण्याला काजूच्या बागेचं बघत होते. बस बदलत आले. माणसं अंगणात बसली होती, त्यांतल्या एकाने मुद्दामच विचारलं, "गुरुदासबाब, तुमका म्हायत आसतला. कसल्यान गेलो ओ शंभू?"

त्यांनी हातातली टोपी घडी घालून खिशात ठेवली. "माका खबर ना," म्हणाले.

निघताना माझ्याजवळ थांबले. "वयनी, पोरांक तपासून घेय. हांगा केंद्रातच ने, आता लपवू नको."

मी पोरांना तपासून आणलं. पण केंद्रात नेलं नाही. पहाटेची बस धरून म्हापशाला गेले, जिथे आपल्याला कोण ओळखत नाही.