पिशवी एक, माझी

हिंगण्याच्या त्या तांब्याच्या तारेच्या कारखान्यात गेटचा एक कायदा होता. सकाळी जे आत न्याल ते रजिस्टरात लिहा. डबा, छत्री, चष्म्याचं घर, काहीही असो. न लिहिलेली वस्तू संध्याकाळी अंगावर सापडली की ती कंपनीची, आणि तुम्ही चोर.

देवराव एकवीस वर्षं हे पाळत आला होता. पण ऑपरेशननंतर चार महिन्यांनी कामावर परतला, त्या दिवशी त्यानं फक्त ‘डबा एक’ एवढंच लिहिलं. पोटावरची पिशवी कशी लिहिणार, बापा? आठ वर्षं मोठ्या आतड्याला जखमा, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा रक्ताचे जुलाब. शेवटी डॉक्टरांनी ते आतडंच काढलं, पोटावर वाट करून दिली आणि तिच्यावर पिशवी चिकटवली. आता मळ तिच्यात जमायचा. दुखणं गेलं, पण लाज आली. कारखान्यात त्यानं सांगितलं होतं, अपेंडिक्स होतं म्हणून.

सुटीचा भोंगा वाजला. पिशवी रिकामी करायची होती, पण संडासापुढं ही गर्दी, आणि कंपनीची बस काय कोणासाठी थांबते? तो तसाच तपासणीच्या रांगेत उभा राहिला. पिशवी फुगत चालली होती, आणि त्याला घाम फुटला होता.

नवा गार्ड विक्की अंग चाचपत आला. त्याचा हात पोटावर थांबला.

“हे काय हाय, काका?”

“काही नाही गा.”

“तांबं हाय का?” त्यानं बोटांनी दाबलं.

“दाबू नको!” देवराव ओरडला. मागची तीसेक माणसं वाकून बघू लागली.

“काहून लपवून राहिले? शर्ट वर करा, नाहीतर साहेबाले बोलावतो.”

देवरावचं डोकं सणकलं. एकवीस वर्षांत त्याला कोणी चोर म्हटलं नव्हतं. त्यानं शर्ट वर केला.

“पाह्य! संडासची पिशवी हाय माही. आतडं काढलं माहं. घे, कर जप्त!”

विक्कीनं हात मागं घेतला. बसमध्ये देवरावच्या शेजारच्या सीटवर कोणी बसलं नाही.

“उद्यापासून जात नाही,” घरी येताच तो बायकोला म्हणाला.

“काहून?” भावना कडाडली. “चोरी केली का तुम्ही?”

सकाळी तो गेटवर उभा राहिला. मागं तीच रांग. त्यानं सगळ्यांना दिसेल असं ठळक लिहिलं: ‘डबा एक. पिशवी एक, माझी.’

विक्कीनं वाचलं आणि पुढं सही केली.