चुकीची वाक्यं

सर कुणाच्याही प्रश्नाला लगेच उत्तर देत नसत. "वाक्य आणलं काय?" हा त्यांचा उलट प्रश्न ठरलेला. 'सिन्स' की 'फॉर', 'अ‍ॅडव्हाइस'मध्ये सी की एस, असं काही नुसतं विचारलं की म्हणत, "शब्द एकटाच आला तं मी काय करू त्याले? कोणासंगं चालला होता, कुठं चालला होता, ते सांग."

आंजीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांचा वर्ग घराच्या अंगणात आला. मळ्यातल्या सांबाराच्या, म्हणजे पुण्यामुंबईकडच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत सर बसलेले असत. शंका घेऊन येणाऱ्यालाही ते बांधायला बसवत. नर्सिंगच्या मुली, मुलाखतीच्या धास्तीने पांढरे पडलेले इंजिनिअर, सगळ्यांच्या इंग्रजीला तो हिरवा वास होता. चहा आणणाऱ्या काकूंना, सरांच्या बायकोला, इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं.

चुकीचं वाक्य मात्र सरांना सोसत नसे. एकदा गावातल्या मयतीत आम्ही तिरडीला खांदा दिला होता. पुढचा माणूस फोनवर कुणाला तरी "ही वॉज एक्स्पायर्ड" असं कळवत होता. सर मागून हळूच म्हणाले, "नुसतं 'एक्स्पायर्ड' म्हण न बापू. खांद्यावर एवढं वजन, त्यात 'वॉज' कायले?"

वर्ध्याच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासच्या संचालकांनी त्यांचा सत्कार केला होता. भर वैशाखात टाय बांधून संचालक इंग्रजीतून बोलत राहिले आणि शाल पांघरलेले सर दाताखाली खडा आल्यासारखे कासावीस होत गेले. शेवटी ते मंचावरच दुरुस्त्या सांगू लागले. आयोजकांनी तत्परतेने माइक बंद केला. सरांचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना ऐकू येतं, बरंचसं कळतं. बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा."

आम्ही माजी विद्यार्थी पडलो हुशार. चुकीचं इंग्रजी ऐकून सर गप्प राहूच शकणार नाहीत, असा शोध कुणीतरी लावला, आणि बुडत्या माणसांसारखे आम्ही त्याला लटकलो. दवाखान्यात खाटेभोवती उभे राहून एकेक जण चुकीचं बोलू लागला. "सर, आय हॅव कम यस्टरडे." "सर, शी डोन्ट नोज." एक नर्स झालेली मुलगी तीन काळ एका वाक्यात कोंबता कोंबता रडायला लागली. सर छताकडे बघत होते.

तेवढ्यात संचालक टायसकट आले. ते मुद्दाम काही करत नव्हते. नेहमीसारखं, अगदी मनापासून बोलले. आणि सरांची भुवई हलली.

काकूंनी हातच जोडले. "भाऊ, अजून बोला न! थांबू नोका!"

संचालक घाम पुसत बोलत राहिले. ज्या इंग्रजीला मी इतकी वर्षं हसलो, ते संपू नये म्हणून मनात देवाला विनवत होतो. भुवई पुन्हा हलली नाही.

आता सर घरी आहेत. मागच्या रविवारी गेलो, तेव्हा अंगणात बाजेवर टेकून बसले होते. डाव्या मुठीत सुतळीचं टोक होतं आणि दुसऱ्या टोकाने काकू जुडी बांधत होत्या. मीही बसलो. काकू एकदम म्हणाल्या, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर."

मी चमकलो. अंगणात सरांची दुरुस्ती नेहमी हलक्या आवाजात असे. इतक्या वर्षांत आत चुलीपर्यंत पोचल्या होत्या त्या फक्त पोरांच्या मोठ्याने म्हटलेल्या चुका, आणि काकूंना त्या पाठ होत्या.

"चुकलं न माह्यं?" त्या सरांकडे वाकल्या. "सांगा न. काऊन बोलून नाई राह्यले?"

एक दुरुस्ती सांगून व्हावी इतका वेळ त्या थांबल्या. मग दुसरं वाक्य. पुन्हा थांबल्या. सरांचे ओठ हललेसे वाटले. माशी बसली होती.

"काकू, आज राहू द्या," मी म्हणालो.

"राहू कसं देऊ?" त्यांनी पदराने माशी हाकलली आणि माझ्याकडे वळल्या. "तुह्याजवळ आहे काय रे एखादी नवी चूक? माह्या संपत आल्या."