सुगंधाचा हात

उचगावच्या सुगंधाला मूल नाही. म्हणून खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायचा मान कायम थोरल्या जाऊबाईंचा, अक्काताईंचा. "तू हात लावू नगं गं, अंडी फुकट जात्यात," असं त्या वीस वर्षं म्हणत आल्या.

यंदा सुगंधाने कोंबडीच बाजूला ठेवली. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ती भट्टीचं तापमान बघते. साडेसदतीस डिग्री सांभाळणं तिला अवघड नव्हतं. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, थर्मामीटर आणि पाण्याची वाटी ठेवून तिने ते सोप्यात मांडलं आणि दोन दिवस रिकामंच तापवलं. पारा हलेनासा झाला, तेव्हा वीस अंडी आत ठेवली. फिरवायला लाकडी पट्टी चालली असती. तिने मुद्दाम, अक्काताईंच्या देखत, रोज तीनदा एकेक अंडं हातानेच फिरवलं.

एकविसाव्या दिवशी सतरा पिल्लं निघाली.

पुढच्या आठवड्यात अक्काताईंची कोंबडी अंड्यांवरून उठली, ती परत बसेना. त्या पदराखाली टोपली घेऊन आल्या.

"तुझ्या खोक्यात ठेवशील का गं?"

"ठेवते की, आक्का," सुगंधा म्हणाली. "पन माझ्या हातात तुमीच द्यायची. एकेक करून."